कृपया आतील माणसे कमी करा

कारण निवडा: दार बंद होत नाही

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे आकडेवाली म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

शहरभरच्या इमारतींमध्ये कंपनीच्या लिफ्ट होत्या. लिफ्ट बिघडली की तिथला रहिवासी फोनवर कंपनीचं पान उघडायचा, यादीतून कारण निवडायचा आणि तक्रार पाठवायचा. मग मिस्त्री जायचा, दुरुस्ती करायचा आणि त्याच यादीतलं कारण टाकून तक्रार बंद करायचा. या सगळ्याचं आकडेवालीच्या पडद्यावर चित्र तयार व्हायचं. आरडाओरडा करणाऱ्या इमारती लाल, कुरकुरणाऱ्या पिवळ्या, गप्प असलेल्या हिरव्या. दर सोमवारी संचालक ते चित्र बघून निर्णय घेत. पूर्वी ते मिशीला पीळ देऊन निर्णय घेत. आता मिशी राहिली नव्हती आणि तिची गरजही.

पडद्याच्या कोपऱ्यात कारणांचं एक गोल चित्र असायचं, तुकडे पाडलेलं. त्यात सगळ्यात मोठा तुकडा राखाडी. त्याचं नाव ‘इतर’.

“या राखाडीवर मी काय निर्णय घेऊ?” संचालकांनी एकदा विचारलं होतं. “लोकांना वाचायचा कंटाळा. शेवटचं दिसेल ते दाबतात.”

आकडेवालीला ते पटलं. तिने यादीतून ‘इतर’ काढून टाकलं. पुढच्या सोमवारी गोल चित्र रंगीत आणि नीटनेटकं होतं.

“आता कसं,” संचालक म्हणाले, “डोळ्यांना बरं वाटलं.”

कारण निवडा: दिवा लागत नाही

त्यानंतर इमारती भराभर हिरव्या होत गेल्या. इतक्या, की संचालकांनी ठराव मांडला: हिरव्या इमारतींमध्ये मिस्त्रीने दर महिन्याला जायचं कारण नाही, वर्षातून एकदा जावं. सोमवारी त्यावर शिक्का बसणार होता.

हिरव्या इमारतींत सर्वांत वर, सगळ्यात हिरवी, मावशीची इमारत होती. आई गेल्यावर जिने आकडेवालीला वाढवलं, तीच मावशी. सहावा मजला, आणि गुडघे कधीचे संपावर गेलेले. आकडेवालीने हौसेने फोन लावला.

“मावशी, तुमची इमारत पहिली आली.”

“कशात गं?”

“लिफ्टमध्ये. एकही बिघाड नाही.”



“लिफ्टने कोण जातंय इथे?” मावशी म्हणाली. “मी तर खाली उतरलेच नाहीये कधीची. सोमवारी ऑपरेशनसाठी भरती व्हायचंय. दोनदा तारीख चुकली. आता चुकली तर पाय असाच राहील म्हणतात डॉक्टर.”

कारण निवडा: मजल्याला बरोबर थांबत नाही

आकडेवाली दुपारीच तिकडे गेली. तळमजल्यावर लिफ्ट उभी होती, दार उघडं, आत लख्ख उजेड. ती आत शिरली आणि घंटा वाजली. वजन जास्त. ती बाहेर आली, घंटा थांबली. पर्स बाहेर ठेवून पुन्हा आत गेली, पुन्हा घंटा.

मागून जिना उतरणारे एक आजोबा म्हणाले, “पर्स घ्या हो बाई. आम्ही चपलासुद्धा काढून बघितल्यात.”

जिन्यात प्रत्येक वळणावर कुणीतरी खुर्ची ठेवली होती, वर उशी. चढताना ती प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या बंद दाराशी जरा थांबत होती. आत काही नव्हतं, लिफ्ट तर खालीच होती. पण भरलेल्या खोलीच्या दाराशी उभं राहिलं की कशी ऊब लागते, तशी लागत होती.

“तक्रार का नाही केलीस?” तिने मावशीला विचारलं.

“केली की. शंभरदा केली. आधी ‘इतर’ म्हणून एक असायचं, लिफ्टचं काहीही असो, त्यात मी सविस्तर लिहायची. ते कुठल्या शहाण्याने काढलं, देव जाणे.” शहाणी खाली बघत राहिली. “मग ‘वजन जास्त’ निवडलं. तर लगेच उत्तर आलं.” मावशीने फोन पुढे केला.

*कृपया आतील माणसे कमी करा. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.*

“मी एकटीच होते गं,” मावशी म्हणाली. “कुणाला कमी करू?”

ते उत्तरही आकडेवालीनेच लिहिलेलं होतं. लोक कोंबून चढतात, त्यात यंत्राचा काय दोष, म्हणून वजनाच्या तक्रारी आपोआप बंद व्हायच्या. बिघाडात धरल्या जायच्या नाहीत. इमारत हिरवी ती हिरवीच.

कारण निवडा: आवाज येतो

मिस्त्रीला तिने चहाच्या टपरीवर गाठलं.

“लिफ्टचा वजनकाटा चोख आहे, ताई,” तो म्हणाला. “वजनं ठेवून तपासलाय.”

“मग घंटा का वाजते?”

मिस्त्रीने कपातला चहा उगाच हलवला. “रिकाम्या लिफ्टचं वजन बघितलं मी. एका माणसाचं भरलं. पुढच्या महिन्यात दोघांचं. मग वाढतच गेलं. आठ माणसांची लिफ्ट आहे ती. आता आठ झालेत.”

“आणि तुम्ही नोंदवलं नाही?”

“कशात नोंदवू? माझ्या फोनवर पण तुमचीच यादी. ‘दोष आढळला नाही’ असं टाकलं. खोटं आहे का सांगा.” तो जरा पुढे झुकला. “गेल्या खेपेला मी आत उभा राहून काम केलं. जागा होती, नव्हती असं नाही. पण सारखं कुणाचं तरी कोपर लागत होतं.”

कारण निवडा: वजन जास्त झाले

कचेरीत परत येऊन आकडेवालीने आपोआप बंद झालेल्या तक्रारी उघडल्या. त्या कुणी कधी बघत नसे, तीही नाही. तिने इमारतींच्या नकाशावर त्या मांडल्या.

हिरव्या इमारतींवर त्या गच्च बसल्या. एकही हिरवी इमारत सुटली नाही, आणि लाल इमारतीत एकही नव्हती. सुरुवात सगळ्यांची एकाच आठवड्यात झाली होती, आधी एखाददुसरी, मग महिन्यागणिक वाढत गेलेल्या. तो आठवडा तिला पाठ होता. त्याच सोमवारी संचालकांच्या डोळ्यांना बरं वाटलं होतं.

राखाडी तुकडा तिने चित्रातून काढला होता. तो जाणार कुठे, हा विचार तिने केलाच नव्हता. कुणीच करत नाही.

कारण निवडा:

सोमवारी बैठकीच्या आधी तिने यादीत ‘इतर’ परत घातलं, लिहायला मोकळी जागाही दिली, आणि सगळ्या इमारतींना कळवलं. मावशीला वेगळा फोन केला. “आधी लिही. मग लिफ्टपाशी जा.”

बैठक सुरू झाली तेव्हा मोठ्या पडद्यावरच्या गोल चित्रात केसाएवढी राखाडी रेघ होती. संचालक प्रस्तावना संपवेपर्यंत तिचा तुकडा झाला. संचालकांनी चष्मा चढवला आणि आलेल्या तक्रारी मोठ्याने वाचल्या.

“‘एकटा होतो, घंटा वाजली.’ ‘आत कुणी नव्हतं, पण आमचं बाळ हात हलवत होतं.’” त्यांनी चष्मा काढला. “हा काय पोरखेळ आहे? काढा ते.”

“साहेब, आपण हिरवं समजत होतो ते हिरवं नव्हतं. तिथे मिस्त्री जायलाच हवा.”

“मला ठराव संपवायचाय.”

तिचा फोन थरथरला. तिने तो कानाला लावला.

“अगं, आत आहे मी,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू होतं. “नाही वाजली घंटा. हलकी झालीये बघ. निघाली पण.”

तेवढ्यात संचालकांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. हक्क त्यांना होताच. एक कळ दाबून त्यांनी ‘इतर’ काढून टाकलं, आणि गोल चित्र पुन्हा रंगीत, नीटनेटकं झालं. टेबलाभोवतीच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

“मावशी, कुठे आहेस?”

“चौथा गेला आत्ता. जरा गर्दी झाली गं.”

“कुणी चढलं?”

“नाही, थांबलीच नाही कुठे.” मावशीचा आवाज दबला, जसा भिंतीला टेकल्यावर दबतो. “सरकून उभी राहिले मी. श्वास तेवढा… होईल.”

आकडेवालीने संचालकांच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला. “काय करताय?” ते म्हणाले. तिने ‘इतर’ परत घातलं आणि कीबोर्ड पोटाशी धरून उभी राहिली. नोकरी जाते का राहते, तो हिशेब नंतरचा होता.

“तळमजला आला,” फोनमधून आवाज आला. “दार उघडलं.”

“बाहेर ये. लगेच बाहेर ये, मावशी.”

“ढकलाढकली कशाला? मी मागे आहे. आधी पुढच्यांना उतरू दे.”

तिने फोनचा आवाज मोठा केला. खोलीभर पावलं ऐकू येऊ लागली, बुटांची, चपलांची, काही अनवाणी. घाई नव्हती त्यांना. एकेक पाऊल वाजलं की पडद्यावरचा राखाडी तुकडा किंचित वाढत होता. कीबोर्डला कुणी हात लावलेला नव्हता. सगळे पडद्याकडे बघत होते आणि शेजारच्याकडे बघायचं टाळत होते.

संचालकांनी पेनाला टोपण लावलं. “ठराव मागे घेतला असं लिहा,” ते हळूच म्हणाले. “मिस्त्री जाऊ दे दर महिन्याला.”

पावलं अजून चालूच होती. आठ जणांची लिफ्ट होती ती, आणि आठ कधीच होऊन गेले होते.

“झालं,” अखेर मावशी म्हणाली. “आता मी.”