खिडकी पिऊन घे

“मामी, तूच वाच. माझ्या तर डोक्यावरून गेलं!” भाचीने पुस्तक टेबलावर आपटलं. उद्या तिला वर्गात या कवितेवर बोलायचं होतं.

मामी नुकतीच प्रयोगशाळेतून परतली होती. दिवसभर लोकांचं रक्त काढून बोटं आखडली होती. “मला कसलं कळतंय!” म्हणत तिने चष्मा लावला.

चमचा मावळला.
खिडकी पिऊन घे,
मग मला थोडं दुमडून ठेव.

आतल्या खोलीत मामा पडून होते. मेंदूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली नव्हती, शब्दांची अदलाबदल झाली होती. पाण्याला ते खिडकी म्हणत. चूक दर वेळी सुधारायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मामी कितीही दमलेली असली तरी सुधारायची. “खिडकी नाही हो, पाणी. म्हणा, पा-णी.” हळूहळू मामा बोलेनासेच झाले. तहान लागली तरी भिंतीकडे तोंड करून पडत.

मामीने ओठ हलवत ओळी पुन्हा वाचल्या.

“यात अवघड काय आहे? संध्याकाळ झालीय. याला तहान लागलीय. आणि जवळ कुणीतरी हवंय.”

“कवीला असं मुळीच म्हणायचं नसणार! खिडकी म्हणजे स्वातंत्र्य वगैरे असेल.”

“असेल बाई. आमच्याकडे खिडकी म्हणजे पाणी.”

भाची हसता हसता थांबली. “हे सांगू वर्गात?”

“नको. मॅडम नापास करतील तुला.”

मामी उठली, पेला भरून आत गेली.

“अहो, खिडकी देऊ?”

मामांनी मान वळवली. ही चेष्टा तर करत नाही ना, असं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड पुढे केलं. अर्धा पेला पिऊन म्हणाले, “दोरा.”

हा शब्द नवा होता. ‘दोरा नाही’ तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं.

“दोरा ना? थांबा हं.”

तिने उशी सारखी केली. ते नव्हतं. पडदा सरकवला. तेही नव्हतं. पुढे काही सुचेना, तेव्हा ती पलंगाच्या कडेला नुसतीच टेकली. कामावरचा पांढरा कोट अजून अंगातच होता. मामांनी त्याची बाही चिमटीत धरली आणि डोळे मिटले.

“दोरा,” ते म्हणाले.

“हं,” मामी म्हणाली. मग तिने मोकळ्या हाताने चष्मा काढून मांडीवर ठेवला.