शेगडी बोलत नाही, म्हणून

मित्रांनो, मी लाकडावर चालणारी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. मला पाहिलेत तर मी जुनी वाटणार नाही. तुम्हाला पहिला संशय यायला हवा तो इथेच.

वाळूच्या साच्यात तापलेला लोखंडाचा रस ओतून माझे पत्रे घडवले गेले. मग ते पत्रे बोल्टांनी एकमेकांना जोडले, पुढे दार बसवले आणि पाठीला धुराडे लावले. माझे पहिले घर म्हणजे एका शिंप्याची खोली. थंडीत त्याची बोटे आखडली की तो माझ्याजवळ येऊन हात शेकायचा आणि म्हणायचा, "माझा अर्धा धंदा हिच्या जिवावर चाललाय." पुढे त्या खोलीत दुसरी माणसे राहायला आली. त्यांना सदा घाई. बाहेर निघताना निखारे विझायची वाट कोण पाहणार? एकाने मगभर पाणी सरळ माझ्या पोटात ओतले. टण्ण असा आवाज झाला आणि माझ्या डाव्या कुशीला तडा गेला. त्यानंतर माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली.

दुकानदाराने तड्यात लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली आणि वरून काळा रंग फासला. मी लग्नाला निघाल्यासारखी चमकू लागले. पण मनातून मी धास्तावले होते. आता जो मला नेईल, त्याच्या घरात माझा धूर मुकाट्याने शिरणार होता.

एके दिवशी एक तरुण बाप आपल्या आत्याला घेऊन दुकानात आला. त्यांचे घर एका खोलीचे होते आणि घरात तीन महिन्यांचे बाळ होते. बापाला मी पाहताक्षणी आवडले. आत्याचे तोंड मात्र कडू औषध घेतल्यासारखे झाले.

"जुनी वस्तू, आणि इतकी चकचकीत?" ती म्हणाली.

"नीट सांभाळलेली आहे, मावशी," दुकानदार म्हणाला.

आत्याने बॅटरी पेटवून माझ्या पोटात ठेवली, दार लावले, पाठीच्या धुराड्याच्या भोकात फडके कोंबले आणि दुकानातली एक चादर डोक्यावरून ओढून ती माझ्याभोवती वाकली. कुठून उजेड बाहेर येतो का, हे तिला पाहायचे होते.

"मावशी, शेगडी घेताय की तिचा फोटो काढताय?" दुकानदार हसला.

उजेड कुठूनच आला नाही. लांबीने आपले काम चोख केले होते.

"झालं समाधान? चल आता, आत्या," बाप म्हणाला.

"थांब रे. हिला रंगाचा वास येतोय. राखेचा का येत नाही?" मग ती दुकानदाराकडे वळली. "मी तुमची सख्खी मावशी असते, तर ही शेगडी मला दिली असतीत?"

"म्हणजे काय! डोळे मिटून!"

"मग डोळे उघडे ठेवून पेटवून दाखवा."

दुकानदाराने नाना सबबी सांगितल्या. लाकडे ओली आहेत, आज वारा फार आहे, रंग खराब होईल. आत्या जागची हलली नाही. शेवटी मला मागच्या अंगणात नेले आणि धुराड्याची नळी जोडून पेटवले. मी तापले, तशी लांबी वाळली, तडकली आणि खपली होऊन गळून पडली. माझ्या कुशीतून धुराची बारीक रेघ निघाली.

बापाचा चेहरा पांढराफटक पडला. "हिच्याशेजारी मी बाळाला झोपवणार होतो," तो पुटपुटला.

 आता मला भंगारात फेकतील, असे मला वाटले. पण आत्याने अंगणातला मोडक्या सामानाचा ढीग आधीच न्याहाळून ठेवला होता. त्यात माझ्याच साच्यातली, पाय मोडलेली एक शेगडी पडली होती. "तिचा डावा पत्रा काढून हिला बसवा. माझ्यासमोर. आणि पुन्हा पेटवा," ती म्हणाली. बोल्ट सुटेपर्यंत ती तिथेच स्टूल टाकून बसली. दुसऱ्यांदा पेटवले तेव्हा धूर फक्त नळीतून वर गेला. तेव्हा कुठे मी त्यांच्या घरी आले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता तिचा संशय फिटला असेल. छे! रोज संध्याकाळी ती माझ्या प्रत्येक जोडाशी नाक नेते, खिडकी बोटभर उघडी ठेवते आणि धुराडे साफ झाले का, हे दोनदा विचारते.

"आत्या, आता तरी हिच्यावर विश्वास ठेव," बाप चिडवतो.

"बाळ बोलायला लागलं की त्यालाच विचारीन, त्रास होतो का म्हणून. तोवर मीच बघणार."

आधी मला तिचा राग यायचा. आता ती दिसली नाही, तर मलाच चुकल्यासारखे होते. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना कोरडे लाकूड द्या, आमची राख काढा, आणि आमच्यावरचा रंग पाहून भुलू नका. कुठे दुखते आहे, हे मला सांगता येत नाही. बाळालाही येत नाही. आम्ही दोघे एकाच खोलीत निजतो, आणि निजण्याआधी कोणीतरी येऊन आम्हा दोघांवर हात फिरवून जाते.