लांबून दिसणारा रंग

आपले चारही बेकिंग ट्रे कुंपणाला टांगलेले पाहून मार्लिसचं डोकंच फिरलं. एक हिरवा, एक पांढरा, एक बदामी, एक पिवळाजर्द. उद्या चर्चमध्ये म्हाताऱ्या एल्विराच्या अंत्यविधीनंतरचं जेवण होतं, लिंबाच्या वड्या करायचं तिने कबूल केलं होतं, आणि नवरोबांनी ट्रेवर गाडीचे रंग फवारून ठेवलेले!

"अरे ऑरिन, मिनेसोटात पत्र्याचा दुष्काळ पडलाय का?"

"नवे आणून देतो गं. बाहेरच्या उजेडात बघितल्याशिवाय रंग कळत नाही."

रिटायर झाल्यापासून ऑरिन शेडमधल्या जुन्या स्काउट जीपमध्ये बुडाला होता. इंजिन झालं, गंजलेला तळ बदलून झाला आणि रंगापाशी घोडं अडलं. जुन्या गाड्यांच्या क्लबातला डेलमार येता-जाता टुमणं लावायचा, "कारखान्यातून हिरवी निघाली ना? मग हिरवीच कर. पिवळी केलीस तर पोरं शाळेची बस समजून चढतील!" मार्लिसलाही हिरवाच आवडायचा.

"एक काम कर ना," ऑरिन म्हणाला. "एकेक ट्रे घेऊन रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी उभी राहा."

ती बडबडत, बर्फ तुडवत निघाली. हौस या माणसाची आणि पाय गारठायचे आपले. टपालपेटीमागे स्प्रूसच्या झाडांची गर्द हिरवी रांग होती. तिने हिरवा ट्रे डोक्यावर धरला.

"अगं, उचल की!" तो पायरीवरून ओरडला.

तिचे हात वरच होते. थट्टा पुरे, असं ती ओरडणार होती, पण तो थट्टा करत नव्हता. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तो तिला शोधत होता. आत्ता तिला उमगलं. हल्ली कुठेही जाताना किल्ल्या तो तिच्याच हातात द्यायचा. गुडघा धरलाय म्हणायचा आणि तिला ते खरं वाटायचं.

ट्रे तिथेच टाकून ती परत आली. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हणतात, समोरचं पुसट होत जाईल. कडेकडेचं राहील."

"आणि मला आज कळतंय, मूर्खा?" तिला रडू आलं, रागही आला.

"गाडी पुरी झाल्यावर सांगणार होतो. ती आता तूच चालवायचीस. मी घरात खिडकीशी बसलेला असणार. तू घरी येताना मला दिसायला हवीस, एवढंच. डेलमारला हे काय सांगू?"

मार्लिसने नाक पुसलं, पिवळा ट्रे काढला आणि पुन्हा निघाली. टपालपेटीपाशी तिने तो उंच धरला. ऑरिनचा हात लगेच वर गेला. ती आणखी पुढे, पुलापर्यंत गेली. तिथूनही त्याने हात वर केला. पुढे रस्ता सरळच होता, पण ती थांबली. त्याला कुठवर दिसतं, हे तिला आज जाणून घ्यायचं नव्हतं.