पंजा ठेवा, बोलू नका

सभागृहाबाहेर सकाळी सातलाच रांग लागायची. आत कपाटाएवढं यंत्र होतं. घर क्रमांक सांगायचा, काचेवर पंजा ठेवायचा आणि गप्प राहायचं, एवढंच काम. मग आतून मधाळ आवाज यायचा, "तुमच्या नातवाचा खोकला हटत नाही. वरचा पत्रा गळतो. काळजी नको. नोंद झाली." बायका डोळ्यांना पदर लावायच्या. वस्तीची गाऱ्हाणी इतकी वर्षं पालिकेच्या कार्यालयाने कान देऊन ऐकली नव्हती आणि हे यंत्र न बोलताच ऐकत होतं.

यंत्राशेजारी राखाडी कोटातले एक गृहस्थ उभे असत. आले तेव्हा ते स्वतःला यंत्रसेवक म्हणवत. आठ दिवसांत लोकांनी त्यांना महाराजपदी बढती दिली आणि त्यांनीही नाइलाजाने ती स्वीकारली. ते सांगत, की बोलणं म्हणजे संशय, सभा म्हणजे भांडण. ज्याचं मन यंत्राने वाचलं त्याने सभेत घसा का कोरडा करावा? यंत्रातून निघणारी चिठ्ठी न वाचता घडी करून उशाखाली ठेवायची. वाचली की असर गेला. वस्तीने गुरुवारची सभा बंद केली. चिठ्ठ्या मात्र दोनशे बारा घरांत उशाखाली गेल्या.

मागच्या गल्लीतल्या कर्णेवाल्या काकू तेवढ्या रांगेत नव्हत्या. नवरा गेल्यापासून कर्णे भाड्याने देणं आणि जळालेल्या कॉइल गुंडाळणं हाच त्यांचा धंदा. एका सकाळी त्यांच्या दारावर लाल रंगाची फुली दिसली. शेजारच्या दारावरही. गल्लीभर. विचारलं तर रंगारी म्हणाला, वरून यादी आली.

घरात नणंद डोकं बांधून पडली होती. काकूंनी तिची उशी उचलून चिठ्ठी उघडली. नणंद कळवळली, म्हणाली, "वहिनी, असर जाईल." वर आशीर्वाद होता. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की मागची गल्ली सोमवारपर्यंत मोकळी करायला पंजा ठेवणाऱ्याची संमती आहे. ती गल्ली म्हणजे त्यांचंच घर.

"पण त्याला माझं डोकं दुखतं हे कसं कळलं?" नणंदेने विचारलं. प्रश्न रास्त होता. हे तू आधी कुठे बोललीस, असं काकूंनी विचारलं. कुठे म्हणजे, नळावर.

नळावर माणसं रांगेत उभी राहत नसत. बादल्या उभ्या राहत. प्रत्येक बादलीवर घर क्रमांक रंगवलेला आणि मालकिणी खांबाखाली सावलीत बसून मन मोकळं करायच्या. खांबावर पाण्याची वेळ सांगणारा नवा कर्णा होता. काकूंनी वर पाहिलं. त्याची तार कार्यालयाकडे जात नव्हती. सभागृहाच्या मागच्या खोलीत जात होती, आणि त्या खोलीची खिडकी बरोबर बादल्यांसमोर किलकिली होती; कोण कुठल्या क्रमांकाची बादली उचलते ते तिथून दिसत होतं.

काकूंनी बादली लावली, खांबाखाली बसल्या आणि नणंदेला सविस्तर सांगितलं, की ह्यांची दाढ फार ठणकते, जेवणसुद्धा जात नाही. नणंद बघतच राहिली. मग काकू आवाज मोठा करणारी आपली पेटी उचलून, नणंदेला घेऊन पहिल्यांदाच रांगेत गेल्या. पंजा ठेवला.

"तुमच्या यजमानांची दाढ," यंत्र गहिवरून म्हणालं, "आठ दिवसांत ठणका थांबेल."

"सहा वर्षांपूर्वीच थांबला," काकू म्हणाल्या. "मी स्वतः पोचवून आले."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग कुणीच हसेना. काकूंनी मागच्या खोलीचं दार लोटलं. एक माणूस कानयंत्र लावून, बोलायचा माइक समोर ठेवून वहीत लिहीत बसला होता. काकूंनी कानयंत्राची पिन काढली आणि तार आपल्या पेटीला जोडली. भिंतीपलीकडून नळावरची कुजबुज सगळ्यांच्या कानांवर आली. कोण कुणाच्या सुनेबद्दल काय म्हणत होती, तेही.

"कर्ण्याचा पडदा हलला की आवाज निघतो," काकूंनी सांगितलं, "आणि आवाजाने पडदा हलला की तारेतून तोच उलटा येतो. यात दैवी काही नाही. माझ्या दुकानात या, दाखवते."

महाराज चिडले नाहीत. त्यांनी कोटाची गुंडी लावली आणि शांतपणे सांगितलं, "कसं कळलं याला महत्त्व नाही. दोनशे बारा पंजे आहेत. लोकसहभाग पूर्ण झाला. पाडकामाच्या गाड्या सोमवारी येतील."

बाहेर रंगारी पुढच्या गल्लीत शिरला होता. त्या गल्लीची यादी दाखव, असं त्याला कुणी म्हटलंसुद्धा नव्हतं.

काकू रांगेकडे वळल्या. "तुमच्या न बोलण्यालाच या महाराजाने होकार म्हणून लिहिलंय. मन ओळखणारा भेटला तर त्याला एवढंच विचारा, तुला सांगितलं कुणी? आणि ज्या कागदावर तुमचा हात आहे तो वाचा. वाचून असर जात असेल तर तो जायलाच हवा. सभा आत्ता, इथेच. ज्याची संमती नाही त्याने तोंडाने सांगायचं, नावानिशी लिहून घेऊ. सोमवारच्या आत सगळे मिळून कार्यालयात जाऊ."

मग डोक्याची पट्टी सोडत नणंद पुढे आली. तिने चिठ्ठी उजेडात धरली आणि बोट ठेवून, अडखळत, पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायला लागली.