शेरिकांचं विरजण

“मेलं हे,” मडक्यात नाक घालून फ्रोनी आत्या म्हणाली. “आब्राम, पेज कोपर बुडवून बघितली होतीस?”

बाबा टोपी हातात धरून उभे. आत्या चार दिवस तापाने पडली होती, तेवढ्यात त्यांनी राय धान्याची कढत पेज ओतून आमचं यीस्ट मारलं होतं. पणजोबांनी लावलेलं हे विरजण घरच्या बायकांनी ऐंशी वर्षं रोज खाऊ घालून जगवलं होतं. त्याच्यापायी आत्याने लग्नही केलं नाही, असं बाबा तिला चिडवत. त्या दिवशी चिडवायला त्यांना तोंड नव्हतं.

“पिट्सबर्गहून विकतचं आणतो,” ते म्हणाले. “व्हिस्की पिणाऱ्याला काय कळतंय?”

“मला कळतंय ना! शहरातलं यीस्ट घालून पिंपावर आपलं शेरिकांचं नाव लावायचं असेल, तर भट्टीला आजच कुलूप घाल.”

तिने शाल पांघरली, रिकामी बरणी घेतली आणि मला म्हणाली, “चल गं, सुझानाकडे जाऊ.”

देशभर दारूबंदी व्हायला अजून दहा वर्षं होती, पण आमच्या खोऱ्यात सुझाना लाउक्सने ती केव्हाच मनावर घेतली होती. दर शनिवारी बायका घेऊन ती आमच्या फाटकाशी प्रार्थनेला बसायची. तिचा नवरा एमोस आमचीच राय व्हिस्की पिऊन पिऊन गेला होता. पण तिच्या लग्नात माझ्या आजीने तिला पावासाठी आमचं यीस्ट दिलं होतं, आणि तिचा पाव अजून त्यावरच फुगायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे.

सुझाना पीठ मळत होती. आम्हाला ‘बसा’ म्हणाली नाही.

“आमचं मेलं,” आत्या म्हणाली. “तुझ्यातलं थोडं दे.”

“कशासाठी मागतेस ते ठाऊक आहे मला. लाज नाही वाटत, फ्रोनी?”

“वाटते. एमोसला पुरलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभी होते, ती त्यामुळेच. तरी मागतेय. मला दुसरं काही येत नाही, सुझाना.”

सुझानाने पिठाचा गोळा उलटून पुन्हा दाबला.

“तो पिऊन पडलेला असायचा, तेव्हाही घरात पाव असायचा,” ती म्हणाली. “चार पोरं त्यावर वाढवली.” मग हात पुसून तिने फडताळातलं भांडं काढलं आणि बरणी अर्धी भरली. “तुझ्या आईचं आहे, नाही म्हणवत नाही. पण शनिवारी मी येणार.”

“ये,” आत्या म्हणाली.

शनिवारपर्यंत पेज पुन्हा फसफसायला लागली होती. बर्फ गुडघाभर पडलं होतं. सकाळी आत्याने फाटकासमोरचं बर्फ स्वतः फावड्याने बाजूला ओढलं आणि रायच्या रिकाम्या गोण्या ओळीने अंथरल्या.

“आता कॉफीही पाज त्यांना!” बाबा कडाडले.

तिने पाजलीही असती, पण सुझानाने घेतली नसती.

बायका आल्या. गोण्या पाहून सुझाना जराशी थबकली. मग त्यांवरच गुडघे टेकून, देवा, ही भट्टी बंद पडू दे, असं खणखणीत आवाजात मागू लागली. आत्या फाटकाच्या आत मान खाली घालून उभी होती. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यांबरोबर तीही ‘आमेन’ म्हणाली, आणि भट्टीखाली कोळसा घालायला आत गेली.