लांज्याला उजेडात पोचायचं होतं

मित्रांनो, नेरे गावात जगनच्या पडवीत, कोयता आणि जुन्या छत्रीच्या मधल्या खुंटीवर एक गंजलेली वस्तू लोंबते आहे. ती मी. मोटारसायकलची म्हातारी चेन. पुस्तकात मला साखळी म्हणतात, पण पनवेलच्या एखाद्या गॅरेजात जाऊन साखळी मागून बघा. गॅरेजवाला आधी तुमच्याकडे बघेल आणि मग तुमचा कुत्रा कुठे आहे ते शोधेल.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्ट्या ठोकून माझ्या कड्या केल्या, त्यांत पिना घातल्या आणि प्रत्येक सांध्यात रबराचं एक बारीक कडं बसवलं. आतलं तेल बाहेर जाऊ नये आणि बाहेरची धूळ आत येऊ नये, एवढंच त्या रबराचं काम. माझं काम मात्र मोठं. इंजिन कितीही गुरगुरलं तरी त्याचं बळ मागच्या चाकापर्यंत मीच नेते. तरी कौतुक इंजिनाचं आणि फोटो टाकीचा! माझ्याकडे लोक बघतात ते पँटला काळा डाग पडल्यावर. असो. माझा स्वभाव थोडा कुरकुरा आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

जगनच्या गाडीवर मी चढले तेव्हा तो भरदार काळ्या दाढीचा गडी होता. नेऱ्यात डोंगराखाली शहरातल्या लोकांचे जे बंगले झाले आहेत, त्यांच्या बागा तो सांभाळतो. एरवी आमची धाव पनवेलच्या बाजारापर्यंत. पण वर्षातून एकदा, भाऊबीजेला, आम्ही थेट लांज्याला जायचो. तिथे त्याची थोरली बहीण चंद्रावती राहते. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच जगनला कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तिचं लग्न एसटीतल्या मेकॅनिकशी झालं आणि बदल्या होत होत ती लांज्याला जाऊन स्थिरावली. नवरा गेल्यावरही ती तिथेच राहिली, मुलगी रंजितासोबत. "एसटीनं का नाय जात तुमी?" असं जगनची बायको वेणू दरवर्षी विचारायची. "एसटीला सुटायची वेल असते, पोचायची नसते," असं जगन दरवर्षी सांगायचा.

एवढ्या लांबच्या रस्त्यावर मला काय पाजायचं, हे शिकायला जगनला काही वर्षं लागली. पहिल्या वर्षी त्याने इंजिनातून काढलेलं जळकं तेल ओतलं. फुकटचं होतं ना! त्या तेलातली कचकच माझ्या अजून लक्षात आहे. दुसऱ्या वर्षी त्याने पंपाचं ग्रीस थापलं. जाड असतं ते टिकतं, असा त्याचा हिशेब. ग्रीस टिकलं, पण महामार्गाच्या कामाची सगळी माती त्याला येऊन चिकटली आणि मी गिरणीतल्या जात्यासारखी स्वतःलाच दळत लांज्यापर्यंत गेले. मग वेणूच्या शिलाई मशीनचं तेल झालं. पाण्यासारखं पातळ ते, पेण येईपर्यंत सगळं उडून मागच्या रिमवर जाऊन बसलं.

शेवटी पनवेलच्या चारुदत्त शेठच्या दुकानात त्याला नव्वद नंबरचं गिअर तेल मिळालं. शेठ म्हणाले, "स्प्रे पण चांगला असतो, जगन. पण तेल कुठलंही घे, ते लावल्या लावल्या पळू नकोस. चेन गरम असताना लाव आणि रात्रभर मुरू दे." जगनला ते पटलं. तेव्हापासून आमचा एक नेमच झाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो मला कर्नाळ्यापर्यंत फिरवून आणायचा, म्हणजे माझे सांधे ऊबदार व्हायचे. मग फडक्याने मला पुसायचा, चाक हळूहळू फिरवत आतल्या बाजूने थेंब थेंब तेल सोडायचा आणि उरलेलं तेल टिपून घ्यायचा. रात्रभर ते तेल माझ्या सांध्यासांध्यांत उतरायचं. सकाळी मी अशी निघायचे, की जगनला माझा आवाजसुद्धा यायचा नाही. ती माझ्या सुखाची वर्षं होती.

मग ते वर्ष आलं.

दिवाळीच्या आधी चंद्रावतीचा फोन आला. साखरेने तिचे डोळे खाल्ले होते. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने फक्त लख्ख उजेडात, जवळ आलेलं माणूस तेवढं दिसायचं. तेही दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं, पण डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. जगनने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून पडवीत उभ्या असलेल्या गाडीवरून मीही सगळं ऐकलं.

"जगन, यंदा उजेडात ये," ती म्हणाली. "दिवे लागल्यावर मला कायच दिसत नाय. तुझं तोंड एकदा नीट बघून ठेवायचं हाय."

"दुपारीच येतो ताई. जेवायला तुझ्याकडंच," जगन म्हणाला. फोन ठेवल्यावर तो तेलाची बाटली भरलेली आहे ना, ते बघून आला.

आता ऐका काय झालं ते. यात वाईट मनाचं कोणीच नव्हतं, हेच तर दुःख आहे.

जगनचा मुलगा दीपेश करंजाड्याला राहतो आणि ऑफिसात नोकरी करतो. तो दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, घरी आला. आमच्या घरात गाडीची पूजा दसऱ्याला होते, तशी पाडव्यालाही होते. आत्याकडे जाणारी गाडी झकास दिसली पाहिजे, म्हणून दीपेशने ती धुवायला घेतली. पाण्याचा फवारा मारला, साबण लावला आणि मग पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून मला घास घास घासलं. "बघा पप्पा, नवीन वाटते की नाही!" तो हौसेने म्हणाला. मी खरंच चांदीसारखी चमकत होते. पण पेट्रोलने माझ्यातलं सगळं तेल धुऊन नेलं होतं आणि माझी रबरी कडी, आधीच म्हातारी झालेली, कोरडी पडून चिरली होती. मित्रांनो, चमकणारी चेन ही तहानलेली चेन असते. हे पोराला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पूजा झाली. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, टाकीला हळदकुंकू. माझ्यावरही वेणूने कुंकवाचं एक बोट टेकवलं. संध्याकाळी जगन नेहमीप्रमाणे तेलाची बाटली आणि फडकं घेऊन आला. किल्ली लावणार, तेवढ्यात वेणू बाहेर आली.

"आज नको हो," ती म्हणाली. "पूजा झाली ना गाडीची? आज तिला चालवायची नाय आन् काला हात पन लावायचा नाय. आजचा दिवस तिचा हाय. सकाली लावा."

आमच्या घरची ही जुनी रीत आहे. पूजेच्या दिवशी कोयत्यालासुद्धा कामाला लावत नाहीत. एरवी माझ्या तेलाच्या फेरीपुरती वेणू डोळेझाक करायची, पण चंद्रावतीच्या डोळ्यांमुळे यंदा ती धास्तावली होती. जगन घुटमळला. "लांब जायचंय गं उद्या," तो म्हणाला. पण वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताईंसाठीच सांगते. यंदा कसला अपशकुन नको." जगनने बाटली पुन्हा फळीवर ठेवली.

मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. माझा मान ठेवला होता सगळ्यांनी, पण मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

सकाळी त्याने घाईघाईने तेल ओतलं. मी गार होते, सांधे आवळलेले. तेल आत शिरलंच नाही, वरवर राहिलं, आणि निघाल्यावर पहिल्या भरधाव पल्ल्यातच उडून गेलं. माणगाव मागे पडलं तेव्हा मी किणकिण करू लागले. कशेडी उतरताना माझी एक कडी ताठ झाली आणि दर फेऱ्याला मागच्या चक्राच्या दातांवर आपटू लागली. जगनला ते ऐकू येत होतं. त्याने दोनदा थांबून आणखी तेल घातलं, माझ्यावर हात फिरवला. "चल बाय, आज तेवढं ने," तो म्हणाला. मी शर्थ केली हो. चिपळूण ओलांडलं आणि संगमेश्वरच्या अलीकडे एका चढावर मी तुटले.

दुपार व्हायची होती. अजूनही उजेडात पोचता आलं असतं. जगन गाडी ढकलत पुढच्या गावात गेला, पण गॅरेजचं शटर खाली होतं. त्याच्या पुढचंही बंदच होतं. भाऊबीज होती ना! सगळे मेकॅनिक आपापल्या बहिणीकडे गेले होते. जगन एका ओट्यावर बसून राहिला. रंजिताचा फोन यायचा, "मामा, कुठपर्यंत आलात?" आणि हा म्हणायचा, "आलो, आलो." ऊन त्याच्या पायावरून सरकत भिंतीवर गेलं.

ऊन उतरल्यावर विनायक नावाचा मेकॅनिक आला, कपाळाला कुंकू आणि अक्षता तशाच. जगनने हकिगत सांगितली, तेव्हा त्याने नवे कपडेही बदलले नाहीत, तसाच कामाला बसला. मला काढून नवी चेन चढवली. "ही टाकून देऊ का, काका?" त्याने विचारलं. जगनने नकारार्थी मान हलवली आणि मला पिशवीत भरून हँडलला अडकवलं. मग त्याने गाडी अशी हाणली, की मला पिशवीतही भीती वाटली. पण सूर्य काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

लांज्याला पोचलो तेव्हा अंगणात काळोख होता. मला पिशवीतून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. दारात रंजिता हळूच म्हणाली, "मामा, आई बाहेर बसून होती. दिवस बुडाल्यावर तिने चंद्राला ओवाळलं."

तुम्हाला माहीत असेल, ज्या बहिणीला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

"चंद्र पन नाय दिसला रे," आतून चंद्रावतीचा आवाज आला. "रंजूनं माझा हात धरून तिकडं केला. मी फिरवलं ताट."

"ताई, चेन तुटली गं. माझं चुकलं," जगन म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"उगी. आलास ना? पाटावर बस. ट्यूब लाव गं रंजू, सगल्या लाव." खटाखट बटणं वाजली. मग तिची पावलं सरकत त्याच्याजवळ गेल्याचं ऐकू आलं. "नाय दिसत," ती शेवटी म्हणाली. "तोंड दे हातात." त्याने दिलं असावं, कारण ती म्हणाली, "गाल बसले रे तुझे. दाढी पिकली का?"

"नाय ताई. कालीच हाय."

मित्रांनो, ती पांढरी झाली होती. मी रोज बघत होते.

ऑपरेशन झालं, पण डोळा वाचला नाही. जगन मला लांज्याहून परत घेऊन आला, तेव्हा वेणूने मला भंगारात देऊ दिलं नाही. पेट्रोलने माझं काय झालं ते दीपेशला कळलं, तेव्हा तो पडवीत आला आणि माझ्या कोरड्या कड्यांवरून बोट फिरवून गेला. आता पाडव्याच्या संध्याकाळी पूजा झाली, की वेणू स्वतःच जगनला कर्नाळ्याच्या फेरीला पाठवते. तो आला, की तीच चाक फिरवते आणि तो थेंब सोडतो. तिचे हात कोपरापर्यंत काळे होतात. माझ्या जागी आलेली ती नवी चेन मुकाट्याने तेल पिते. मला तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू!

मित्रांनो, मी आता कोणाच्या कामाची नाही. तरी एक मागणं आहे. ज्याच्या जोरावर तुम्ही लांब जाता, त्याला हार घाला, कुंकू लावा, पण त्याला काय हवं आहे ते आधी विचारा. आणि ते आदल्या दिवशी द्या. निघताना घाईत दिलेलं अंगी लागत नाही.

मागच्या भाऊबीजेला जगन भर दुपारी लांज्याला पोचला, अंगणात कडक ऊन असताना. घरी आल्यावर त्याने वेणूला ते सांगितलं तेव्हा मी खुंटीवरच होते. बहिणीने त्याला ओवाळलं, हाताने चाचपून घास भरवला आणि म्हणाली, "आता एवढी घाई करत नको येऊस रे. सावकाश येत जा. मला दुपार काय आन् रात काय, एकच."

त्याचं सांगून झाल्यावर वेणूने दिवा लावला आणि दोघंही त्या उजेडात पडवीत बसून राहिले.