चौथ्या खांबाजवळची फरशी

चौथ्या खांबापासून तिसरी फरशी शेजारच्या फरश्यांपेक्षा दोन मिलिमीटर खोल आहे. पोलादी पट्टी आडवी धरून मी ती मोजली. या न्यायालयाला दीडशे वर्षं झाली. दर्शनी भागाला आठ उंच खांब, त्यांवर दगडी त्रिकोण, आत तशाच खांबांच्या रांगेचं लांबलचक दालन. झिजलेल्या फरश्या इथे पुष्कळ आहेत, पण त्या पायऱ्यांवर आणि दारांपाशी. ही एकटीच दालनाच्या मधोमध आहे. आधीच्या पुकारेवाल्यांनी ती झिजवली, आणि गेली एकतीस वर्षं माझ्या वडिलांनी.

खटल्याची पाळी आली की आप्पा या फरशीवर उभे राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतात. वरचं कमानदार छत तो आवाज उचलतं आणि दक्षिण दाराजवळच्या बाकावर नेऊन ठेवतं. दोन पावलं सरकलं की नावाचा नुसता गलका होतो.

गेल्या महिन्यात त्या बाकावर एक शिंपीणबाई सकाळपासून बसून होत्या. घरमालक दुकान खाली करायला सांगत होता, त्याच्याविरुद्ध त्यांचा दावा होता. पुकारा झाला, त्या उठल्या नाहीत. ‘तीनदा पुकारले, गैरहजर’ अशी नोंद होऊन दावा निकालात निघाला. तो पुन्हा चालवावा, हा त्यांचा अर्ज आज अकराला होता. तोही फेटाळला गेला तर दुकान गेलंच. आणि न्यायाधीश आधी आप्पांनाच विचारणार होते.

“मी तीनदा पुकारलं,” आप्पा आठवडाभर हेच म्हणत होते. “बाईंचं लक्ष नसेल.”

“पूर्वी तुमचा आवाज असा होता, की ज्यांचं नाव नाही तेही उठायचे, आप्पा,” वहिनी म्हणाली. ती त्याच इमारतीत रेकॉर्ड रूमची शिपाई आहे. पुकारा तिच्याकडे द्यावा आणि आप्पांनी टपालाच्या टेबलावर बसावं, असं साहेबांनी वर्षापूर्वीच सुचवलं होतं. ‘बघू’ म्हणून आप्पांनी वर्ष काढलं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मला भांडता येत नाही, मोजता येतं. साडेनऊला, दालनात माणसं जमू लागल्यावर, मी माझ्या जुन्या हजेरीतल्या वीस-वीस नावांच्या दोन याद्या घेऊन गेले. आप्पा फरशीवर, मी बाकावर. ऐकू येईल तेवढंच लिहायचं.

आप्पांनी गळा साफ केला, टोपी सारखी केली. वीसपैकी अकरा नावं मला कळली.

“आता वहिनी. तुम्ही इथे बसा.”

“एकतीस वर्षांत या बाकावर टेकलो नाही मी.”

“मग आज टेका. तुमचीच गिऱ्हाइकं बसतात इथे.”

वहिनीचं पहिलं नाव नुसतंच घुमलं. आप्पा तडक उठले, तिच्यापाशी गेले. “चुलीपुढे उभी आहेस का? डावा पाय इकडे. इथे, खोलगट लागतंय बघ. हनुवटी वर.” मग परत येऊन बसले आणि लिहू लागले.

पुन्हा पहिल्यापासून यादी झाली. आप्पांना एकोणीस नावं कळली. विसाव्याला शेजारचे वकील शिंकले. एका नावाला तर कोपऱ्यातले एक गृहस्थ खरंच उठून उभे राहिले.

आप्पांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. “तुझे कान तपासून घे,” ते मला म्हणाले.

“वहिनीची यादी मीही लिहिलीय, आप्पा. याच कानांनी. एकोणीस.”

कागदांच्या घड्या करून त्यांनी गणवेशाच्या खिशात ठेवल्या.

अकराला शिंपीणबाई पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी नोंदवहीवरून नजर उचलली. “त्या दिवशी पुकारा झाला होता?”

“झाला होता, साहेब. तीनदा.”

वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं.

“पण बाकापर्यंत पोचला नाही,” आप्पा म्हणाले. आता त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. “आज मोजून घेतलंय. बाईंची काही चूक नाही. आणि साहेब, उद्यापासून पुकारा माझ्या सुनेकडे द्या. उभं कुठे राहायचं, ते तिला दाखवलंय मी.”